प्रतिस्पर्धी ब्लॅकमार–डीमर गँबिट नाकारत असतील तर पांढऱ्याने काय खेळावे?

आपला प्रश्न असा आहे की, नाशिकच्या स्थानिक बुद्धिबळ स्पर्धांमध्ये ब्लॅकमार–डीमर गँबिट (सुरुवातीलाच हल्ल्यासाठी एक प्यादे देऊ करण्याचा डाव) मांडल्यावर समोरचे खेळाडू प्यादे घेतच नाहीत, तेव्हा हल्ला कसा उभारावा. मीही इथल्या जलद स्पर्धांत हाच गँबिट खेळतो, म्हणून आधी एक अप्रिय गोष्ट सांगतो: आपले खरे नुकसान प्यादे घेणारा करतो, नाकारणारा नव्हे. डी४ डी५, ई४ डी×ई४ (× म्हणजे मारणे), घोडा सी३ घोडा एफ६, एफ३ यानंतर काळ्याने ई×एफ३ करून शांतपणे बचाव केला, तर गेलेल्या प्याद्याचा पुरेसा मोबदला पांढऱ्याला मिळत नाही. ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांच्या या शहरात शाळकरी मुलांनाही हे इंजिनने, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक-प्रणालीने, दाखवलेले असते; मात्र घड्याळात मोजकी मिनिटे असताना ते पटावर सिद्ध करण्याची जोखीम त्यांना नको असते.

सर्वांत चिवट नकार म्हणजे चौथ्या खेळीला ई३. काळा पुढे आलेले प्यादे आपणहून परत देतो आणि उंटाने ते घेतल्यावर दोन्हीकडे सात-सात प्यादी उरतात. पण एफ३ वरचे आपलेच प्यादे घोड्याचे हक्काचे घर अडवून बसते आणि एफ स्तंभ खुला करण्याचा बेत बारगळतो. अशा वेळी मी उंट डी३ वर व वजीर डी२ वर काढतो, दुसरा घोडा ई२ वरून आणतो आणि वजिराच्या बाजूला किल्लेकोट करून जी प्यादे पुढे रेटतो.

ब्लॅकमार यांनी १८८२ मध्ये तिसऱ्या खेळीला लगेच एफ३ मांडले होते; त्याला ई५ हे जोरदार उत्तर असल्यामुळे पुढे डीमर यांनी आधी घोडा सी३ वर काढण्याचा हिरिरीने पुरस्कार केला. ई५ त्यानंतरही खेळता येते, आणि आपण डी×ई५ केले की वजिरांची अदलाबदल होऊन हल्ल्याची हौस तिथेच संपते.

मात्र बहुतेक जण दुसऱ्याच खेळीला ई६ किंवा सी६ करतात, म्हणजे डाव सरळ फ्रेंच किंवा कॅरो-कान बचावात जातो, आणि तिथे गँबिटची पुस्तके उपयोगी पडत नाहीत. फ्रेंचमध्ये घोडा सी३ ही नेहमीची खेळी पुरते. कॅरो-कानमध्ये मी डी५ वर प्यादी बदलून सी४ खेळतो, कारण या पानोव हल्ल्यात डी४ वरचे प्यादे एकटे पडले तरी मोहऱ्यांना मोकळी जागा मिळते, जी आपल्याला गँबिटमधून हवी होती.