सीपॅप यंत्रातील हवेची गळती आणि रात्रीचा आवाज

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय 58) झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे स्लीप ॲप्निया, असून ते रात्री सीपॅप यंत्र (दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावतात. त्यांचा मास्क नाक व तोंड दोन्ही झाकणारा आहे. एप्रिलपासून मास्कच्या वरच्या कडेने हवा सुटून त्यांच्या डोळ्यांवर येते, शिट्टीसारखा आवाज होतो आणि पहाटे नळीतून गुडगुड ऐकू येते. पट्टे आवळले तर नाकावर वळ उठतात. मास्कच्या पुढच्या भागातील बारीक छिद्रांतूनही हवा येते. त्यांवर चिकटपट्टी लावावी का? या सगळ्याला कंटाळून ते यंत्रच बंद करण्याचे बोलू लागले आहेत.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आधी चिकटपट्टीविषयी सांगतो, कारण धोका तिथे आहे. ती छिद्रे कृपया बुजवू नका. सीपॅपमध्ये हवा आणणारी नळी एकच असते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड बाहेर निघून जावा म्हणून ती छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात आणि ती बंद झाल्यास तीच हवा पुन्हा श्वासात जाते. तेथून रात्रभर येणारी मंद, एकसारखी फुसफुस ही गळती नव्हे. डोळ्यांवर येणारी हवा मात्र गळतीच आहे आणि शिट्टी बहुधा तिचीच आहे. सुस्थितीतील यंत्राचा आवाज 30 डेसिबलच्या आसपास, म्हणजे कुजबुजीइतका असतो. कडेने हवा सुटली की ठरवून दिलेला दाब टिकवण्यासाठी मोटर अधिक वेगाने फिरते आणि आवाज वाढत जातो. म्हणून आवाजाच्या मागे न लागता गळतीची जागा शोधावी.

सुरुवात मास्कपासून करू नका. मास्क काढून ठेवा, यंत्र चालू करा, नळीचे मोकळे टोक तळहाताने क्षणभर दाबून धरा आणि यंत्रापासून टोकापर्यंत ऐकत जा. नळी जिथे वाकते त्या तोंडाशी बारीक चीर पडलेली असते, किंवा पाण्याच्या टाकीचे रबरी सील जागेवरून सरकलेले असते. अशा वेळी मास्क कितीही नीट बसवला तरी उपयोग होत नाही. साधी नळी स्वस्तात बदलून मिळते. तापणारी नळी असेल तर ती यंत्राच्या कंपनीचीच घ्यावी लागते.

हे दोन्ही ठीक असेल तर मास्ककडे वळा. नाकावरचे वळ सांगतात की पट्टे गरजेपेक्षा घट्ट आहेत. कुशनची, म्हणजे मास्कच्या चेहऱ्याला टेकणाऱ्या मऊ गादीची, पातळ कड हवेने फुगून चेहऱ्याला चिकटावी अशी तिची रचना असते. पट्टे आवळले की ती चेपते, घड्या पडतात आणि त्या घड्यांतूनच हवा सुटते. यजमानांनी बसून नव्हे, नेहमीच्या कुशीवर झोपून, दाब पूर्ण वाढलेला असताना पट्टे सैल करावेत, मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून पुन्हा टेकवावा आणि मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, बोट सहज सरकेल इतकेच ओढावेत. उशीने मास्क ढकलला जात असेल किंवा कूस बदलताना नळी ओढली जात असेल, तर नळी डोक्याच्या मागून वरून घ्यावी.

त्रास एप्रिलपासून सुरू झाला, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. नागपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या घरात जातो. घाम आणि चेहऱ्याचे तेल यांमुळे सिलिकॉनचे कुशन सरकते. ते रोज सकाळी कोमट पाणी व सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावे. झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा आणि त्यावर क्रीम लावू नये. एवढे करूनही भागत नसेल आणि कुशन पिवळे किंवा लिबलिबीत झाले असेल, तर ते बदलण्याची वेळ आली आहे. या दिवसांत खोलीत कूलर लावत असाल, तर पहाटेच्या गुडगुडीचा संबंध त्याच्याशी असावा. ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीची, ओलसर, कोमट हवा कूलरच्या गार झोतातल्या नळीतून जाताना तिच्यात पाणी धरते. कूलर आधीच खोलीत दमटपणा आणत असल्याने ह्युमिडिफायर एक-दोन अंक खाली आणावा, नळीला कापडी खोळ घालावी, झोताची दिशा बदलावी आणि यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली, सपाट जागी ठेवावे, म्हणजे साचलेले पाणी मास्ककडे येणार नाही. कूलरच्या गवताची धूळ यंत्राच्या फिल्टरमध्ये अडकते, म्हणून या दिवसांत तो दर आठवड्याला पाहावा.

बदल उपयोगी पडला का, हे यंत्रावरच दिसते. रेसमेड या कंपनीच्या यंत्रांत नको असलेल्या गळतीची स्वीकार्य मर्यादा मिनिटाला 24 लिटर धरतात; काही कंपन्यांची यंत्रे छिद्रांतून जाणारी हवाही मोजत असल्याने त्यांचा आकडा मोठा दिसतो, तो या मर्यादेशी ताडू नये. तासाला श्वास अडण्याची सरासरी म्हणजे एएचआय 5 च्या वर राहू लागली, किंवा दिवसा गाडी चालवताना झोप येऊ लागली, तर मेमरी कार्ड आणि मास्क घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे. यंत्र बंद करण्याचा निर्णय मात्र घरी घेऊ नये. त्यांचा त्रास खरा आहे आणि तो दूर होण्यासारखा आहे.

प्रश्न : नातेवाइकाने वापरलेले फिलिप्सचे 2018 सालचे यंत्र मला मिळाले आहे. त्यातून घरघर येते. आतील स्पंज स्थानिक दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेऊ का?
– एक वाचक, काटोल रोड, नागपूर

उत्तर : नको. आवाज शोषण्यासाठी बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण श्वासमार्गात जाऊ शकतात, या कारणाने फिलिप्सने जून 2021 मध्ये आपली अनेक यंत्रे परत मागवली होती, आणि ओझोनने सफाई केल्यास ही झीज वाढते. यंत्राचा अनुक्रमांक कंपनीकडे तपासून घेईपर्यंत ते वापरू नका. शिवाय 4 ते 20 सेंटिमीटर पाण्याच्या दाबापैकी नेमका कोणता दाब लावायचा हे प्रत्येक रुग्णाच्या तपासणीवरून ठरते. नातेवाइकासाठी ठरवलेला दाब तुम्हाला लागू होईलच असे नाही.