‘अत्सुहिमे’चे पन्नास भाग बघावेत का? त्यात खरा इतिहास किती?

तुम्ही विचारलंय की एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीची २००८ सालची ‘अत्सुहिमे’ ही मालिका पन्नास भाग बसून बघण्याच्या लायकीची आहे का, आणि त्यात इतिहास किती नि मीठमसाला किती. पहिल्याचं उत्तर सरळ ‘हो’. दुसऱ्याचं जरा लांबेल.

आधी एक गोष्ट. पन्नास आकड्याला घाबरू नका. एनएचके १९६३ पासून दर रविवारी रात्री अशी मालिका दाखवते. ‘तायगा’ म्हणतात तिला. जानेवारीत सुरू, डिसेंबरात संपली. शेवट कधी हे लेखकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, त्यामुळे टीआरपी चढला म्हणून नवी सवत आणायची सोय नसते.

आता इतिहास. सात्सुमा म्हणजे जपानच्या दक्षिण टोकाचं कागोशिमाचं संस्थान. तिथल्या शिमाझु घराण्याच्या एका शाखेत मालिकेची नायिका अत्सुहिमे १८३६ साली जन्मली. संस्थानप्रमुख नारिआकिराने १८५३ मध्ये तिला मुलगी करून घेतलं, इतकंच नाही तर सरकारदरबारी पोटची लेक म्हणून नोंदवलं. त्याच वर्षी ती कागोशिमाहून निघाली ती पुन्हा कधीच परतली नाही. १८५६ मध्ये क्योतोच्या कोनोए या सरदार घराण्याने तिला दत्तक घेतलं, कारण शोगुनची, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्याची, पत्नी सम्राटाच्या दरबारी कुळातली असावी असा रिवाज होता. वर्षाखेरीस तेराव्या शोगुनशी, तोकुगावा इएसादाशी, तिचं लग्न लागलं. दोन वर्षंही पुरी झाली नाहीत तोच, १८५८ च्या उन्हाळ्यात, नवरा आणि दत्तक बाप नारिआकिरा दोघेही गेले. तिने केस उतरवले, तेन्शोइन हे नाव घेतलं आणि एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, किल्ल्यातच राहिली. पुढे सात्सुमाने परत ये म्हणून विचारलं, तिने नकार दिला.

मालिकेत नारिआकिरा हे लग्न पुढच्या शोगुनच्या निवडीत हात घालायला जमवतो. ते नाट्याला सोयीचं आहे. अभ्यासकांचा कल मात्र असा की मागणी आधी शोगुनच्या घरूनच आली. इएसादाच्या आधीच्या दोन्ही बायका दरबारी घराण्यांतल्या होत्या आणि दोघी वारल्या होत्या. उलट अकराव्या शोगुनची पत्नी शिमाझुंचीच मुलगी, तीही अशीच कोनोएंकडून आलेली, आणि ती चांगली दीर्घायुषी निघाली. म्हणजे राजकारण होतंच, पण त्याआधी ‘त्या घरची मुलगी लाभते’ हा हिशोब होता. हा हिशोब आपल्याला समजावून सांगावा लागत नाही!

सगळ्यात मोठी मोकळीक घेतलीय ती इएसादाच्या बाबतीत. इतिहासात तो आजारी, अशक्त, स्वयंपाकघरात गोडधोड करण्यात रमणारा माणूस. मालिकेत तो वेड पांघरतो. साकाई मासातोने हे काम असं केलंय की भर दरबारात बावळटासारखा हसणारा माणूस बायकोसमोर एकटा बसला की नजरच बदलते. पुरावा शून्य, पण माझ्या मते मालिकेचा जीव इथेच आहे. दुसरी मोकळीक कोमात्सु तातेवाकीची. हा सात्सुमाचा खरा मुत्सद्दी होता, पण तो तिचा बालमित्र होता आणि मनातून तिच्यावर प्रेम करत होता, याला कागदाचा आधार नाही. दोघांचे गो हा सोंगट्यांचा पटावरचा खेळ खेळण्याचे प्रसंग गोड आहेत, तसेच बघा.

आणि जे रचलेलं वाटतं ते कधी कधी खरं निघतं. तिला कुत्री आवडत, नवऱ्याला चालत नसत, म्हणून तिने मांजर पाळली. मांजरीचं नाव सातोहिमे, म्हणजे तीही ‘हिमे’, राजकन्याच. किंवा सून काझुनोमिया. ही सम्राटाची बहीण, १८६२ मध्ये चौदाव्या शोगुनशी तिचं लग्न झालं. पहिल्या भेटीत सासू वरच्या जागी आसनावर आणि राजकन्या खाली, बिनआसनाची. वर्षानुवर्षं दोन्हीकडच्या दासींनी ते धुमसत ठेवलं. पुढे शोगुनची राजवट गेल्यावर दोघी कात्सु काइशू या शोगुनच्या जुन्या मुत्सद्द्याच्या घरी जेवायला गेल्या, तर भात वाढण्यावरून अडून बसल्या, कारण दोघींनाही दुसरीला वाढायचं होतं. कात्सुने भाताची दोन भांडी आणून दोघींच्या बाजूला एकेक ठेवलं आणि म्हटलं, एकमेकींना वाढा. ही आठवण त्याने स्वतः सांगितलेली आहे.

पण मालिका ज्यासाठी बघायची तो भाग १८६८ चा. शोगुनची सत्ता उलथायला माहेरची फौज सासरवर चालून येते, आणि फौजेच्या पुढे साइगो ताकामोरी, नारिआकिराच्याच हाताखाली तयार झालेला. तेन्शोइन त्या फौजेच्या सेनानीला पत्र लिहिते: या घरात दिली गेले, तेव्हा याच घराची माती होणार, हे घर तेवढं राखा. तेही पंधरावा शोगुन योशिनोबु तिला फारसा रुचत नसताना. किल्ला रक्तपाताविना हवाली झाला त्यात कात्सु आणि साइगोच्या बोलणीचा वाटा मोठा. मालिका मात्र सगळं श्रेय तिच्या पत्राकडे वळवते. उत्तरार्धात ही खोडच आहे. कुठलंही संकट आलं की बाई दोन वाक्यं बोलणार आणि समोरच्याचे डोळे भरणार. तिथे मी सरळ पुढे ढकलत गेलो.

त्यानंतरचं आयुष्य मालिकेत घाईत उरकलंय, ते मला खटकलं. तोकुगावांचा छोटा वारस इएसातो याला तिने वाढवलं, माहेरची पैशाची मदत नाकारली, आणि १८८३ मध्ये तोक्योत वारली. कानेइजी देवळात इएसादाशेजारी तिची समाधी आहे.

सुरुवातीचे कागोशिमाचे भाग संथ वाटतील, पण सोडू नका. अत्सुहिमेचं काम करणारी मियाझाकी आओइ तेव्हा जेमतेम बाविशीची होती, आणि झाडावर चढणारी ती पोर नीट बघितल्याशिवाय पुढची तेन्शोइन कळत नाही. आवडली तर नंतर २०१८ ची ‘सेगोदोन’ लावा. तीच लढाई साइगोच्या बाजूने आहे, आणि अत्सुहिमे तिथे दुय्यम पात्र आहे.