वाचकांचे प्रश्न : गार बोटं, आखडलेले खांदे आणि बायोफीडबॅक

प्रश्न : अर्धशिशीसाठी डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला बोट गरम करण्याचा बायोफीडबॅक सुचवला. बोटाचं तापमान दाखवणारं छोटं यंत्र घरी आणलं. पण जितका जोर लावते तितकं बोट गारच पडतं. माझं काय चुकतंय?

जोर लावताय, तेच चुकतंय. बायोफीडबॅक म्हणजे शरीरातली एखादी क्रिया यंत्रावर बघत बघत ती हळूहळू ताब्यात आणायला शिकणं. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी आपोआप जागं होणाऱ्या, मज्जातंतूंच्या ताब्यात असतात. ताण आला की त्या आकसतात, बोटाला रक्त कमी मिळतं आणि ते गार पडतं. ‘आता तापलंच पाहिजे’ हाही शरीराच्या लेखी ताणच. आकड्यावर नजर असू द्या, पण त्याच्या मागे लागू नका. डोळे अर्धवट मिटून हाताला जडपणा, ऊब जाणवते का एवढंच बघा.

मांडणीही तपासा. सेन्सर तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या पेराला, आतल्या बाजूने लावा. चिकटपट्टी बोटाभोवती गच्च गुंडाळली तर रक्तच अडतं, म्हणून ती लांबीच्या दिशेने लावा. हात मांडीवर दाबून ठेवला तर मांडीची ऊब मोजली जाते आणि खोटं यश दिसतं. तळवा वर करून हात उशीवर ठेवा. खोली २२ ते २४ अंश असावी. बाहेरून आल्यावर १०-१५ मिनिटं नुसतं बसून मगच सुरुवात करा. चहा, कॉफी किंवा तंबाखूनंतर लगेच बसू नका, निकोटिन आणि कॅफिन या रक्तवाहिन्या आकसवतात.

सुरुवातीला २८ अंश असेल तर ३४-३५ पर्यंत जाणं हे लांबचं उद्दिष्ट. पहिल्या आठवड्यात अर्धा अंश चढला तरी चांगलं. आकडा थोडा मागून येतो, श्वास सैल सोडल्यानंतर अर्ध्या-एक मिनिटाने. आणि बोट मुळातच ३५ वर असेल तर आणखी चढायला जागाच नसते. त्या दिवशी आकडा हलला नाही म्हणजे सराव फुकट गेला असं नाही.

हा उपाय डोकेदुखीचे झटके कमी व्हावेत म्हणून आहे, झटका ऐन भरात असताना त्याच्यावर भिस्त ठेवू नका. झटक्यांची वही ठेवा, निदान ८ ते १२ बैठका होऊ द्या आणि गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. शेवटच्या बैठकांत यंत्र झाकून ठेवा, आधी आकडा अंदाजाने सांगा, मग बघा. अंदाज जुळू लागला की यंत्राची गरज संपत आली.

प्रश्न : खांदे आखडतात म्हणून स्नायूंचा बायोफीडबॅक घेतो. खांदा अजिबात न हलवता आकडा कधी ३, तर कधी १५ मायक्रोव्होल्ट. यंत्र बिघडलंय का?

हे यंत्र स्नायूतली बारीकशी वीज कातडीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडनी मोजतं, म्हणून यंत्राआधी कातडीवर संशय घ्या. तेलकटपणा, घाम, केस किंवा वाळलेली जेल असली की इलेक्ट्रोडचा संपर्क तुटत राहतो आणि घरातल्या विजेचा गोंगाट आत शिरतो. जागा स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळू देऊन नवे इलेक्ट्रोड लावायला सांगा. मोजणारे दोन इलेक्ट्रोड स्नायूच्या धाग्यांच्या दिशेत, साधारण २ सेंटिमीटर अंतरावर, तिसरा संदर्भाचा. डाव्या खांद्यावर आकडा अगदी तालात उडत असेल तर नाडीवर बोट ठेवून बघा: ताल जुळला तर ती हृदयाची वीज आहे, खांद्याचा दोष नाही.

एका यंत्रावरचे ३ आणि दुसऱ्यावरचे ३ हे सारखे नसतात, कारण नको असलेले विजेचे संकेत गाळण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी. तुलना करायचीच तर त्याच यंत्रावर, त्याच जागी, त्याच बैठकीत करा. आणि आरामखुर्चीतला सराव पुरत नाही. टंकताना, माऊस धरताना खांदा कसा नकळत वर सरकतो, ते पडद्यावर बघायलाच हवं.

प्रश्न : हृदयगतीच्या बायोफीडबॅकसाठी मनगटावरचं घड्याळ चालेल का? मिनिटाला ६ श्वास घेताना मला गरगरतं.

या प्रकारात श्वासाबरोबर ठोक्यांची गती कशी वरखाली होते ते बघायचं असतं, म्हणून घड्याळ दर काही सेकंदांची सरासरी दाखवत असेल तर उपयोग नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी मोजलं गेलं पाहिजे. छातीचा पट्टा त्यासाठी चांगला. बोटाची क्लिप चालते, पण बोटं गार असली किंवा हात हलला की आलेख खोटा येतो.

गरगरण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: श्वास सावकाश करताना आपण तो खोलही करतो. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. श्वास नेहमीएवढाच घ्या, फक्त संथ: ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, ओठ किंचित मिटून. तरीही गरगरलं तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा.

६ हा आकडाही दगडावरची रेघ नाही. ६.५, ६, ५.५, ५ आणि ४.५ अशा गती प्रत्येकी दोन-तीन मिनिटं करून बघा. ज्या गतीला ठोक्यांचा चढउतार सगळ्यांत मोठा आणि गुळगुळीत, ती तुमची. रक्तदाब सांभाळणाऱ्या प्रतिक्षेपाला (शरीराच्या आपोआप होणाऱ्या प्रतिक्रियेला) स्वतःचा वेळ लागतो, साधारण १० सेकंदांचं एक आवर्तन. श्वास त्याच्याशी जुळला की ठोक्यांच्या चढउताराचा झोका मोठा होतो. मग दिवसातून दोनदा २० मिनिटं. हृदयाचे ठोके मुळातच अनियमित असतील तर हा आलेख वाचता येत नाही.

प्रश्न : जुन्या बद्धकोष्ठतेवर बायोफीडबॅक खरंच चालतो का?

एका ठरावीक प्रकारावर तो फार चांगला चालतो. काही जणांत कुंथताना गुदद्वाराचा स्नायू सैल पडण्याऐवजी उलट आवळतो. ते ओळखायला आधी तपासण्या होतात: गुदद्वाराचा दाब मोजणं आणि गुदाशयात ठेवलेला ५० मिली पाण्याचा छोटा फुगा बाहेर टाकता येतो का ते पाहणं. प्रशिक्षणात पडद्यावर दोन रेषा असतात. पोटाच्या दाबाची वर जायला हवी, गुदद्वाराची खाली. पहिल्या दिवशी दोन्ही वर जातात, आणि रेचक का अपुरं पडत होतं ते रुग्णाला तिथे डोळ्यांनी दिसतं. साधारण ४ ते ६ बैठका लागतात, घरी पायांखाली पाट ठेवून सराव. आतड्यांची गतीच मंद असेल तर मात्र फारशी आशा धरू नका, म्हणून तपासणीशिवाय पैसे भरू नका.

प्रश्न : इन्सुलिन घेतो. काही काळजी?

हो. ताण उतरला की इन्सुलिनची गरज घटू शकते. सरावाआधी आणि नंतर साखर मोजून लिहून ठेवा, साखर कमी असताना बसू नका आणि त्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा. मात्रा बदलायची ती त्यांनीच.