यू-बूटमध्ये (लिनक्सच्या आधी चालणारा बूटलोडर) एलसीडी काळाच, लिनक्समध्ये मात्र चालतो (ऑलविनर ए२० चिप, ७ इंची ८००×४८० पॅनल). डिव्हाइस ट्री (बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल) बरोबर आहे, मग काय चुकतंय?

अहो डिव्हाइस ट्री कितीही बरोबर असू दे, ए२० वर यू-बूटचा जुना डिस्प्ले ड्रायव्हर पॅनलचं टायमिंग तिथून वाचतच नाही, ते मेन्यूकॉन्फिगमध्ये (यू-बूट बिल्ड करण्याआधीचा सेटिंगचा मेन्यू) एलसीडी मोडच्या स्ट्रिंगमध्ये हाताने भरावं लागतं. रिझोल्यूशन, डेप्थ, पिक्सेल क्लॉक किलोहर्ट्झमध्ये (३३ मेगाहर्ट्झ असेल तर ३३०००) आणि मग मार्जिन (चित्र आणि सिंक सिग्नल यांच्यामधली रिकामी वेळ), इथेच घोळ होतो, कारण डेटाशीट फ्रंट पोर्च-बॅक पोर्च म्हणतं आणि इथे डावं-उजवं विचारतात, तर डावं म्हणजे बॅक पोर्च, उजवं फ्रंट.

मग एलसीडी पॉवर, बॅकलाइट इनेबल, बॅकलाइट पीडब्ल्यूएम (उजेड कमी-जास्त करणारा सिग्नल) या तीन पिना स्किमॅटिक (बोर्डाचा सर्किट नकाशा) बघून भरा. पीडब्ल्यूएम इन्व्हर्टेड हा ऑप्शन डिफॉल्टलाच ऑन असतो बरं का, तुमच्या बोर्डाला नको असेल तर काढा.

आणि आधी अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, पुसट अक्षरं दिसली तर टायमिंगला हात लावू नका, फक्त बॅकलाइट बंद आहे. एचडीएमआय केबल लावलेली असेल तर तीही काढून ठेवा, नाहीतर चित्र तिकडे जाईल आणि तुम्ही इकडे बघत बसाल.