'समीरा' म्हणजे वाऱ्याची झुळूक की रात्रीची सोबतीण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीचं नाव समीरा ठेवायचंय, एका साइटवर अर्थ 'वाऱ्याची झुळूक' दिलाय, दुसरीवर 'रात्रीची सोबतीण', आणि हा दुसरा अर्थ कानावर गेल्यापासून सासूबाईंनी नाव मोडीत काढलंय.

दोन्ही साइट बरोबर आहेत. कारण ही दोन वेगळी नावं आहेत, फक्त कानाला सारखी लागतात.

वारा तो संस्कृतातला समीर. 'सम्' उपसर्ग आणि 'ईर्' म्हणजे हलवणं, चालना देणं. अमरकोशात वाऱ्याच्या नावांमध्ये समीर आणि समीरण दोन्ही सापडतात. पण हा वारा पुल्लिंगी, त्यामुळे 'झुळूक' हा अर्थ मुलीसाठी जरा वळवून घेतलेला आहे. मुलीचं नाव म्हणून समीरा अरबीत मात्र पक्कं बसलेलं आहे.

मी पुण्यात काही महिने अरबीच्या वर्गाला जायचो. वर्गात एक समीर होता, कायम उशिरा येणारा आणि मागच्या बाकावर डुलक्या काढणारा. एक दिवस सरांनी हजेरी घेताना त्याच्याकडे बघून हसत म्हटलं, "नावाला जागतोस बाबा, रात्रभर गप्पा आणि दिवसा झोप!" कोणालाच काही कळेना. मग त्यांनी फळ्यावर तीन अक्षरं लिहिली, स-म-र. अरबीतले बहुतेक शब्द अशा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभे असतात. यातून होतो 'समर', म्हणजे रात्री जागून मारलेल्या गप्पा (आपलं युद्धाचं समर वेगळं). त्या गप्पांतला सोबती तो समीर, आणि ती समीरा.

म्हणजे 'रात्रीची सोबत' आहे ती बोलण्याची. जुने अरबी कोशकार तर 'समर'चं नातं चांदण्याशी जोडतात: लोक रात्री चांदण्यात बोलत बसायचे, त्यावरून त्या बोलण्यालाच ते नाव पडलं. आपली कोजागिरी आठवा, गच्चीवर सतरंजी, आटवलेलं दूध, कोणाला खाली जायचं नसतं. सासूबाईंना अर्थ असा सांगून बघा.

या गप्पांना अरबी साहित्यात चांगलं वजन आहे. १०व्या शतकात बगदादमध्ये जह्शियारी नावाच्या लेखकाने रात्री गोष्टी सांगणारे लोक बोलावून घेतले आणि एका रात्रीला एक अशा हजार गोष्टींचा ग्रंथ करायला घेतला. ४८० रात्री लिहून झाल्या आणि तो वारला. मला हा माणूस फार आवडतो.

आणखी एक गंमत. जुन्या अरबीत 'समीरचे दोन मुलगे' म्हणजे दिवस आणि रात्र. ते दोघे गप्पा मारताहेत तोवर अमुक करणार नाही, म्हणजे कधीच करणार नाही. आपण 'यावच्चंद्रदिवाकरौ' म्हणतो ना, तसलाच प्रकार.

नाव आजही अरब देशांत सर्रास आहे. इजिप्तच्या समीरा मूसा (जन्म १९१७) अणुशास्त्रज्ञ होत्या. १९५२ साली कॅलिफोर्नियात मोटार अपघातात गेल्या.

राहिली 'हे मुसलमानी नाव आहे' ही तक्रार. 'साहेब' हा शब्दही अरबीच, आणि त्याचा मूळ अर्थसुद्धा सोबतीच. आपण तो आईसाहेब, ताईसाहेब करून घराघरात वापरतो. वाद घालू नका, एवढं फक्त जाता जाता कानावर घाला.

उच्चाराची काळजी नको. अरबीतही 'स' ऱ्हस्व आणि 'मी' दीर्घच आहे, मराठीत लिहितो तसंच. फक्त कुठे उर्दूत लिहायची वेळ आली तर जपा. तिथे ऱ्हस्व स्वरांच्या खुणा सहसा देत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरं कोणी 'सुमैरा' अशीही वाचेल. ते नाव वेगळं. याच स-म-र मधल्या 'सावळी' अर्थाच्या 'समरा'चं लाडकं रूप, आपण 'सावळू' म्हणावं तसं. मुलगी सावळी असेल तर तेही चालून जाईल म्हणा.