देणे केवळ पैशांचेच असते का?

प्रश्न : आमची चार एकर कोरडवाहू कपाशी आहे. कर्जामुळे मंडळीला (चर्चला) दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देता येत नाही, याची टोचणी लागते. आमच्यासारख्यांनी सेवा आणि कारभारीपण (देवाने दिलेले विश्वासूपणे सांभाळणे) कसे आचरावे? (एक शेतकरी वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ही टोचणी आधी मनातून काढावी. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (८:१२) प्रेषित पौल स्पष्ट सांगतो की, मनाची उत्सुकता असेल तर देणे माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे.

आपल्याजवळ जमीन आहे, आणि कारभारीपणाची सुरुवात तेथूनच होते. बायबलमधील लेवीय १९:९-१० मध्ये शेताच्या कानाकोपऱ्यातील पीक पूर्ण कापू नये, सरवा (कापणीनंतर शेतात उरलेले पीक) गरिबांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा आहे. तुरीच्या कापणीनंतर भूमिहीन शेजारणीला सरवा वेचू देणे ही तिचीच अंमलबजावणी होय. त्याहून अवघड गोष्ट फरदडीची. चार पैशांच्या आशेने हंगामानंतरही कपाशी उभी ठेवली, तर गुलाबी बोंडअळीला अन्न मिळत राहते आणि पुढच्या हंगामात ती शेजाऱ्याच्याही शेतात उतरते. म्हणून वेळेवर पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उपटणे, हे मला शेजारप्रीतीचे कृत्य वाटते, मग त्याची नोंद मंडळीच्या वहीत होवो वा न होवो.

सेवेसाठी वेळही पुरतो. गावातील एखाद्या एकाकी वृद्धाला, तो कोणत्याही धर्माचा असो, महिन्यातून एकदा तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन आणावे. दशमांशाविषयी आपल्या पाळकांशी मोकळेपणाने बोलावे. कर्ज लपवून देणगी देण्याची गरज नाही.