आधी तिला हात वर करायला सांग

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा आलं. लगेच उत्तर लिहायला बसले आणि दोन पानं लिहून फाडून टाकली, कारण त्यांत नुसती चिडचिड होती. आज जरा शांत आहे.

फॅशनच्या अभ्यासक्रमातल्या तुझ्या शेवटच्या कामावर दोन परीक्षकांनी तुला दोन टोकांची मतं दिली आणि तू मधल्यामधे लोंबकळते आहेस. एकाच्या मते बाह्या अंगालाच शिवून टाकलेला तो करडा पोशाख हे तुझं सगळ्यात धाडसी काम. दुसरीच्या मते त्यात बाई पुन्हा एकदा अबला दिसते आणि तूही तेच केलंस जे इतकी वर्षं सगळे करत आले. तू मला विचारतेस, फॅशन ही कला असेल तर कलेनं असले जाब का द्यायचे? आणि ती कला नसेल तर आपण चार वर्षं नेमकं काय शिकलो?

त्याकडे येते. त्याआधी तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावरची एक ओळ, जी तू कंसात टाकली आहेस. ज्या मैत्रिणीनं तो पोशाख घातला ती पडद्यामागे चाळीस मिनिटं उभी होती. तिला तहान लागली तेव्हा तू स्ट्रॉ तिच्या तोंडाशी धरलीस, आणि नाकाला खाज सुटली तेव्हा दुसऱ्या कुणीतरी खाजवून दिलं. तू हे गंमत म्हणून लिहिलं आहेस. अगं, तुझ्या सबंध पत्रात कामाची ओळ तेवढी एकच आहे! परीक्षकांची चार पानं मतं तू उतरवून काढलीस आणि जिच्या अंगावर तो कपडा होता तिचं मत कंसात?

आधी तिला हात वर करायला सांग. मी शिकवलेलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. कपडा अंगावर चढला की बाईला सांगायचं, दोन्ही हात डोक्याच्या वर ने. मग बघायचं काय होतं ते. कंबर वर सरकते का, गळा उघडा पडतो का, मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत, काचतं का, तिचा चेहरा कसा होतो. आणि मग तिला विचारायचं. नुसतं बघून पुरत नाही, विचारायचं.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी ते फार उशिरा आणि फार वाईट पद्धतीनं शिकले. तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असेन, एका मोठ्या नावाच्या डिझायनरकडे कटिंगला होते. शोच्या आदल्या रात्री एका मुलीच्या अंगावर मांजरपाटाचा कच्चा नमुना बसवत होते. पाठीला कापड अजून घट्ट हवं होतं. मी टाचण्या लावत गेले, घाई होती, आणि एक टाचणी कापडातून आरपार तिच्या कातडीत गेली. ती हलली नाही, हूं की चूं केलं नाही. मला कळलं ते मांजरपाटावर लाल ठिपका उमटला तेव्हा. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? "अरे देवा, डाग पडला." ती पोरगी मला सॉरी म्हणाली. माझ्या हातून टोचलं आणि सॉरी ती म्हणाली!

मी तो तुकडा बदलला आणि पुढच्या टाचणीकडे वळले. तिचं नाव विचारलं नाही. पुढे कित्येक वर्षं मला तो पोशाख आठवत होता, त्याच्या पाठीची रेघ आठवत होती, पण तिचा चेहरा आठवेना. अजून आठवत नाही. तुझी कंसातली ओळ वाचून मी चिडले ती यासाठी.

आता तुझा प्रश्न. फॅशन कला आहे का? आहे. यावर वाद घालण्यात मी आयुष्यातली एक संध्याकाळही आता घालवणार नाही. डिझायनर शियापरेलीनं चित्रकार दालीबरोबर 1938 मध्ये केलेला तो सांगाड्याचा पोशाख एकदा नीट बघ. काळ्या क्रेपचे दोन थर घेऊन त्यांवर बरगड्यांच्या आकाराची शिलाई मारायची आणि मग आतल्या बाजूनं त्या पोकळीत कापूस भरत जायचा, म्हणजे बाहेरून हाडं उठून दिसतात. बाईच्या देहाचं कौतुक कातडीवरून सुरू होऊन कातडीवरच संपतं, त्या काळात एका बाईनं कातडीच्या आतलं हाड बाहेर आणून ठेवलं. ही कला नाही म्हणणाऱ्याशी काय बोलायचं?

पण इतर कलांमधल्या बाईला तहान लागत नाही. चित्रातली बाई चारशे वर्षं एकाच कुशीवर पडून राहिली तरी तिची कंबर धरत नाही. आपल्या चित्रात खरी बाई उभी असते, तिला घाम येतो, जिना उतरायचा असतो. म्हणून आपल्याला जास्तीचे प्रश्न विचारले जातात, आणि ते विचारलेच पाहिजेत. तुला तो अन्याय वाटतो. मला तर वाटतं, आपल्या कलेत जे काही आहे ते याच्यामुळेच आहे.

तू म्हणशील, मग बाईला सोयीचे कपडे शिवत बसू का? मी सोय म्हणाले नाही. हे माझ्या तोंडी लोकांनी इतक्या वेळा घातलंय की मला त्याचा वीट आलाय. जपानी डिझायनर रेई कावाकुबोनं 1997 च्या वसंतासाठी चौकडीच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाखाली पाठीवर, नितंबांवर, खांद्यावर मोठमोठे उंचवटे भरले. बाईचा आकार म्हणून आपल्या डोळ्यांना जे पढवलेलं असतं ते सगळं तिनं मोडून टाकलं. कित्येकांना ते कुरूप वाटलं. आणि त्याच वर्षी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमनं आपल्या 'सिनॅरिओ' या नृत्यरचनेत नर्तकांना तसेच कपडे घातले, आणि नर्तक त्यांत नाचले. इतका विचित्र कपडा, पण हात वर जातो, पाय उचलला जातो. म्हणजे धाडस करायला बाईला बांधून घालावं लागत नाही.

उलट बाजूही बघ. फ्रेंच डिझायनर पॉल प्वारेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्सेट, म्हणजे ताठ पट्ट्या घालून अंग आवळणारी चोळी, सोडवला म्हणून त्याचे गोडवे गातात. त्यानंच 1910 च्या आसपास घोट्याशी इतका अरुंद स्कर्ट आणला की बाईला पाऊल टाकता येईना. छाती मोकळी केली आणि पाय बांधले, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय, तेही बऱ्यापैकी अभिमानानं. पॅरिसच्या डिओरचा 12 फेब्रुवारी 1947 चा तो 'न्यू लूक' मला आजही सुंदर वाटतो, खोटं कशाला बोलू. त्यातलं ते फिकट जाकीट मी काचेआड पाहिलं तेव्हा कमरेच्या टाक्याटाक्याला हात जोडावेसे वाटले. पण युद्धभर गाड्या चालवलेल्या, कारखान्यांत राबलेल्या बायकांना त्यानं पुन्हा आवळलेली कंबर आणि कापसानं फुगवलेले कुल्हे दिले. सुंदर होतं म्हणून मी हे विसरायला तयार नाही. आणि विसरत नाही म्हणून ते कुरूप होतं असंही म्हणणार नाही. तुझ्या दोन्ही परीक्षकांना नेमकं हेच एका वेळी धरता आलेलं नाही.

डिझायनर कोको शनेल 1954 मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी फॅशनमध्ये परत आली ती या आवळण्याला वैतागून. युद्धकाळातल्या तिच्या वागण्याबद्दल मला काडीचाही आदर नाही, पण तिचा मुंढा बघ. नवशिक्याला वाटतं, हात मोकळा हवा तर मुंढा मोठा कापावा. साफ चूक! मुंढा खाली उतरला की हात वर केल्यावर अख्खं जाकीट वर ओढलं जातं. तो बगलेच्या जवळ, वर, लहान कापला आणि बाही नीट बसवली की हात उचलला जातो आणि जाकीट जागचं हलत नाही. तिनं बाह्या उसवून उसवून पुन्हा बसवायला लावल्या त्या यासाठी. बाईकडे तू कसं बघतेस हे त्या दोन बोटांच्या फरकात कळतं, पोशाखाला दिलेल्या नावात नाही.

तुझं स्केचबुक मी मागच्या वेळी चाळलं होतं, आठवतंय? बावीस आकृत्या. एकीलाही पंजे नव्हते. कुणाचे हात पाठीमागे, कुणाचे कापडात गडप, कुणाचे मनगटाशी रेघ ओढून संपवलेले. दोष एकट्या तुझा नाही. आपल्याला डोक्याच्या नऊ पट उंच आकृती काढायला शिकवतात. खरी बाई डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असते, आणि वाढवलेली दीड डोकी जवळपास सगळी पायांत जातात. मग आपण कापड लावायला उभे राहतो ते डमीपुढे, आणि तिला ना डोकं ना हात. चार वर्षं तू बिनहाताच्या बाईला कपडे घातलेस आणि शेवटी बिनहाताची बाई मंचावर आणलीस. खरं सांग, तो करडा पोशाख तुला कोंडमाऱ्यातून सुचला की डमीवरून?

हे कठोर वाटेल. पण तू स्वतः तो पोशाख एकदाही अंगावर घातला नाहीस, हे मी पैजेवर सांगते.

डिझायनर मॅक्वीनचं उदाहरण तू दिलंच आहेस, सगळेच देतात. 1998 च्या सप्टेंबरात लंडनला त्यानं मॉडेल शलोम हार्लोला पांढऱ्या पोशाखात फिरत्या चकतीवर उभं केलं आणि दोन यंत्रमानवांनी तिच्यावर रंग फवारला. कुणाला त्यात हल्ला दिसतो, कुणाला चित्र रंगवण्याचा सोहळा. मी ते कित्येकदा पाहिलंय आणि दर वेळी माझं मत थोडं हलतं. पण एक हलत नाही. तिचे हात मोकळे आहेत. ते वर जातात, ती स्वतःला आडोसा करते, मागे झुकते, आणि आपण तिचं वागणं बघत राहतो. तुझ्या पोशाखातल्या मुलीला काहीही करता येत नव्हतं, त्यामुळे लोकांनी तिच्याकडे न बघता तुझ्या कल्पनेकडे बघितलं. नाटकात मरणारा नट खरोखर मरत नाही म्हणूनच आपल्याला रडता येतं. कोंडमारा दाखवायला मैत्रिणीला कोंडावं लागलं, तर तुझ्या कलेनं काय केलं?

मी ती नोकरी सोडली तेव्हा सगळे म्हणाले, भावनेच्या भरात सोडली. पुढे मी हात वर न होणारा एकही कपडा बाहेर जाऊ दिला नाही, आणि त्यापायी काय काय गमावलं त्याची यादी तुझ्यापुढे मांडायची माझी इच्छा नाही. माझं काम 'नेमस्त' आहे, असं एका जुन्या सहकाऱ्यानं चारचौघांत म्हटलं होतं. तो अजून त्याच मताचा आहे. मला आजही त्याला सांगावंसं वाटतं की कापड फाडून धक्का देणं मलाही येत होतं. कपड्यात ताठ पट्ट्यांची हाडं घालून, आवळून, शिवून टाकणं तर त्याहून सोपं, तिथं कापड चुकलं तरी चालतं, कारण आतली बाई हलतच नाही. हलणाऱ्या बाईवर सुंदर रेघ उभी करणं अवघड आहे. फ्रेंच डिझायनर व्हिओनेनं 1920 च्या दशकात कापड उरेब कापून, तिरक्या धाग्याच्या ताणावर, आत एकही हाड न घालता ते करून दाखवलं. मी तिच्या पासंगालाही पुरत नाही, पण वाट मी तिचीच धरली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप त्या लाल ठिपक्याचा आहे.

बघ, तुला लिहिता लिहिता मी माझीच बाजू मांडत बसले. असो.

तो पोशाख टाकून देऊ नकोस. त्यातला राग खरा आहे. पुढच्या रविवारी तो घेऊन ये, उसवलेला नको, आहे तसाच. आणि त्या मैत्रिणीला सोबत आण, तिची तयारी असेल तर. आधी तो तू घाल. मी तुला चाळीस मिनिटं उभी करीन आणि पाणी विचारणार नाही. मग आपण बाह्या सोडवू, बगलेत तिरका कापलेला चौकोनी तुकडा घालू आणि कापडाचा पीळ असा लावू की बघणाऱ्याला हात बांधलेलेच दिसतील. मी दोन रात्री कागदावर करून पाहिलंय, जमेल असं वाटतंय. कुठल्या क्षणी हात वर काढायचा ते तुझी मैत्रीण ठरवेल. तिला आधीच विचारून ठेव, आणि तिनं जे सांगितलं ते या वेळी कंसाबाहेर लिहून आण.

तुझी,
बाई